नवव्या महिन्याचे पोहे

बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, अन्न अभियांत्रिकी विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये, निवृत्त प्राध्यापक रामभाऊ मुळ्ये यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाकी काही म्हणा, ते शेवटचे पोहे जीरावन टाकल्यावर फर्स्ट क्लास लागले होते."

हॉल हसला. इंदुरात पोह्यांवरून आणि त्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यावरून कुणी काही बोललं की लोक हसायला तयारच असतात. विभागप्रमुख समीर दिघे यांनी "रामभाऊ सर, तुमची जीरावनची डबी आता म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे," अशी वरून फोडणी दिली. समितीतल्या दुसऱ्या विभागाच्या दोघांनी टेबलावर हात आपटून दाद दिली.

हसल्या नाहीत त्या दोघीच. एक, पडद्याजवळ उभी असलेली प्रियंका पागनीस. हे तिचं पीएचडीचं शेवटचं सादरीकरण होतं आणि तिच्या मागे 'आभार' असं लिहिलेली स्लाइड झळकत होती. दुसरी, पहिल्या रांगेत बसलेली तिची मार्गदर्शक, डॉ. निशिगंधा सोळंके. निशिगंधानं मान वळवून रामभाऊंकडे पाहिलं. ते बिस्किट चहात बुडवत होते. आपण काय बोलून गेलो, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

समितीनं 'सादरीकरण समाधानकारक, प्रबंध सादर करण्यास हरकत नाही' असं लिहून सह्या केल्या. निशिगंधाचीही सही झाली. कागद पुढे आला तेव्हा तिचं लक्ष कागदावर नव्हतं.

रामभाऊंच्या त्या वाक्यात काय होतं, हे कळायला प्रियंकाचं काम ठाऊक हवं. तिचा विषय पाकिटातले पोहे. पोहे, फोडणी, शेंगदाणे, बडीशेप असं सगळं तयार करून वाळवलेलं. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की खायला तयार. अशा पाकिटात सगळ्यात आधी बिघडतं ते तेल. शेंगदाण्यांतलं आणि फोडणीतलं तेल हवेशी भिडतं आणि हळूहळू खवट होतं. प्रियंकानं पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरला, पाकिटं इंदूरच्या उन्हाळ्याएवढी उष्णता धरणाऱ्या कपाटात ठेवली आणि दर महिन्याला त्यातली थोडी बाहेर काढून दोन चाचण्या केल्या. एक प्रयोगशाळेतली: तेल किती खवट झालं, त्याचा आकडा काढायचा. दुसरी माणसांची: दहाजणांच्या पॅनेलला पोहे चाखायला द्यायचे आणि नऊपैकी गुण मागायचे.

आठ महिने दोन्ही चाचण्या एकमेकींचा हात धरून चालल्या. खवटपणा चढला तसे गुण उतरले. नवव्या महिन्यात मात्र फाटाफूट झाली. खवटपणाचा आकडा मर्यादेच्या पलीकडे गेला आणि पॅनेलचे गुण एकदम वर उसळले. पहिल्या महिन्यातही मिळाले नव्हते एवढे.

निशिगंधानं तेव्हा प्रयोगशाळेतली चाचणी पुन्हा करायला लावली होती. रसायनं नवी मागवली, बाटल्यांची बुचं तपासली. आकडा तोच आला. मग तिनं आणि प्रियंकानं मिळून त्याचं कारण शोधलं: नायट्रोजनमुळे फोडणीतल्या मसाल्यांचा सुगंध टिकून राहतो आणि तो खवटपणाला झाकून टाकतो, त्यामुळे तेल बिघडलं तरी माणसाला पोहे आवडतात. हे आधी कुणी मांडलं नव्हतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. यंदा एप्रिलमध्ये त्यावर एका चांगल्या जर्नलमध्ये शोधनिबंधही छापून आला. निशिगंधानं यंत्रावर शंका घेतली होती. जिभांवर घेतली नव्हती.

रामभाऊ तिला पार्किंगमध्ये सापडले. स्कूटर स्टँडवरून काढत होते.

"रामभाऊ, शेवटचे पोहे म्हणजे नेमके कधीचे?"

"अहो, ते गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतले. तुम्ही जबलपूरला गेला होतात बघा, पेपर तपासायला. पॅनेलला प्रियंकानं मला नेहमीसारखं बोलावलं. तिच्या आधीच्या आठही पॅनेलला मी होतोच."

"आणि जीरावन कुणी टाकलं?"

"मी." रामभाऊंनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशातून पितळी डबीचा गोल उठून दिसत होता. भाजलेलं जिरं, धणे, हिंग, आमचूर, काळं मीठ, सुंठ आणि घरोघरी बदलणाऱ्या आणखी चारसहा जिनसा कुटून केलेली ती पूड रामभाऊ गेली चाळीस वर्षं बरोबर बाळगत होते. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत, एकदा म्हणे दिल्लीच्या सरकारी बैठकीतही ती निघाली होती. "मतलब, डबी माझी. टाकलं सगळ्यांनीच."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"दहाच्या दहांनी. आता बाजूच्या बूथमधून वास आला तर शेजारी गप्प बसेल का? दुबेजी म्हणाले, 'भिया, अकेले अकेले?' मग मी फळीवरून डबी पलीकडे दिली. ती फिरत फिरत शेवटपर्यंत गेली. परत आली तेव्हा तळाला लागली होती."

निशिगंधानं पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आधीच्या आठ वेळा टाकलं होतं?"

"छे हो. तेव्हा पोहे चांगले होते."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. रामभाऊच पुढे बोलले. "ह्या वेळी पहिला घास घेतला आणि जुन्या तेलाचा वास आला. असा, घशाशी. आता ती पोरगी सकाळपासून उभी होती, भाऊ-बापाच्या वयाच्या दहा लोकांना वाट्या भरून देत होती. तिची वाटी तशीच परत पाठवायची? घरी पण आपण हेच करतो ना. सुनेच्या पोह्यांना काही म्हणायचं नसलं की जीरावन."

"गुण किती दिले तुम्ही?"

"आठ." मग न्याय दिल्यासारखं, "जीरावन टाकल्यावर ते आठाचेच होते, निशिगंधाजी. त्यात खोटं काही नाही."

"पत्रकावर शेरा लिहायला जागा होती."

"पोह्यांवर जीरावन टाकलं, हे काय लिहायचं? पाण्याबरोबर गोळी घेतली असं डॉक्टरला सांगतो का आपण?" ते हसले. निशिगंधा हसली नाही. रामभाऊंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्कूटर पुन्हा स्टँडवर चढवली. "काही गडबड झाली का?"

"झाली आहे."

निशिगंधा परभणीची. तिथल्या कृषी विद्यापीठात शिकली आणि सहा वर्षांपूर्वी इंदुरात नोकरीला आली. शहराबाहेर, राऊ गावाच्या पुढे महू रोडला लागून हे विद्यापीठ. तिनं राहायची जागाही राऊलाच घेतली. इंदूरची तिला सवय झाली होती, पण पोह्यांत बडीशेप तिला अजून खटकायची आणि जीरावन तिच्या स्वयंपाकघरात नव्हतं. त्या फेब्रुवारीत ती हजर असती तर वास आल्याबरोबर उठून बूथमध्ये गेली असती. पण हे आता म्हणण्यात अर्थ नव्हता.

पॅनेलची खोली तळमजल्यावर होती. एका लांब भिंतीला फळ्यांनी पाडलेले दहा कप्पे, हेच ते बूथ. प्रत्येकात एक स्टूल, एक फळी आणि समोर एक छोटी खिडकी. खिडकीच्या पलीकडे स्वयंपाकघर, तिथून वाटी आत सरकवायची. कप्प्यांत लाल दिवे लावलेले, पदार्थाच्या रंगावरून माणसानं मत बनवू नये म्हणून. लाल उजेडात हळदीचे पोहे आणि पांढरे पोहे सारखेच दिसतात. जीरावन तर दिसतच नाही.

प्रियंका स्वयंपाकघराच्या बाजूला स्टुलावर बसली होती. सादरीकरणासाठी नेसलेली साडी तिनं गुडघ्यापर्यंत खोचली होती. समोरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

"सरांनी गंमत केली असेल ना, मॅडम?" निशिगंधा आत येताच तिनं विचारलं.

"नाही. मी विचारलं त्यांना."

निशिगंधानं ऐकलेलं सगळं सांगितलं. डबी फळीवरून कशी फिरली तेही. प्रियंकानं एकदाच तोंड उघडलं. "दहाच्या दहा?"

"हो. तुला वास आला नव्हता?"

प्रियंका बोटातली अंगठी फिरवत राहिली. सिंकच्या नळातून थेंब पडत होते, ती उठली, नळ आवळला आणि परत येऊन बसली.

"आला होता. मला वाटलं कँटीनचा असेल. इंदुरात जीरावनाचा वास कुठे येत नाही, मॅडम?"

"आणि वाट्या परत आल्या तेव्हा?"

"लाल लाइटमधून घेतल्या आणि सरळ सिंकमध्ये टाकल्या. पुढच्या सॅम्पलचे नंबर लावायचे होते. मी एकटीच होते."

"गुण पाहिल्यावर काही वाटलं नाही?"

"गुण पाहून मी खूश झाले." प्रियंकानं मान वर केली. "तुम्ही पण झाला होतात. तुम्ही जबलपूरहून फोनवर म्हणालात, 'प्रियंका, हे काहीतरी वेगळं आहे.'"

ते खरं होतं. निशिगंधानं मान हलवली.

मग प्रियंकानं तिची बाजू मांडली, आणि बाजू कच्ची नव्हती. "मॅडम, सगळं इंदूर जीरावन टाकूनच पोहे खातं. नुसते कोण खातं? आपण नुसते खायला घालतो, तेच खोटं आहे. मग नऊ महिन्यांचे पोहे लोकांना आवडतात, ही गोष्ट सही आहे ना? मेथडमध्ये एक ओळ टाकते: 'पोहे प्रचलित मसाल्यासह देण्यात आले.' बस."

"कोणत्या महिन्यात देण्यात आले?"

प्रियंकानं निसटलेला पदर पुन्हा खोचला.

"आठ महिने नुसते आणि नवव्या महिन्यात जीरावन. हे तू जसंच्या तसं लिहिलंस तर मी लगेच सही करते. पण मग तुलना कशाची कशाशी? चौथं प्रकरण राहत नाही."

"चौथं प्रकरण राहिलं नाही तर थीसिस राहत नाही." प्रियंकाचा आवाज चढला. "मॅडम, एकतीस तारखेला माझं रजिस्ट्रेशन संपतंय. पुढच्या शुक्रवारी. दोन एक्स्टेन्शन झालेत. एक आईच्या ऑपरेशनला, एक ह्या कपाटाचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा. तिसरं मिळत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय. सात वर्षं, मॅडम. एका डबीसाठी?"

 प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं: 'सदर संशोधन माझ्या देखरेखीखाली झाले असून त्यातील निष्कर्ष खरे आहेत.' ते पान अजून कोरं होतं. निशिगंधानं एवढंच सांगितलं की आज ती त्यावर सही करू शकत नाही.

"आज, की कधीच?" प्रियंकानं विचारलं.

"मला दिघे सरांशी बोलू दे."

समीर दिघे माणूस वाईट नव्हता. विभागात बारा रिकाम्या जागा होत्या आणि तो त्या भरल्यासारखा विभाग चालवायचा. त्याच्या टेबलावर, हेच पोहे बाजारात आणणाऱ्या परदेशीपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्याकडून आलेला पाउचचा नमुना पडला होता. पिवळ्या पाउचवर वाफाळती प्लेट, खाली बारीक अक्षरात 'पॅकिंगपासून नऊ महिन्यांच्या आत वापरावे'. हा नऊचा आकडा विभागानंच सांगितलेला होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो खुर्चीत मागे रेलला.

"आठ महिन्यांवर थांबवा. नववा महिना उडवून टाका. कुणाला काय कळतंय?"

"पेपर छापून आलाय. नवव्या महिन्यावरच आहे तो."

"पेपर वाचतं कोण, निशिगंधाजी?"

"प्रबंधाचे परीक्षक वाचतील. पहिला प्रश्न तोच विचारतील, की पेपरमध्ये आहे ते प्रबंधात का नाही."

"मग राहू द्या जसं आहे तसं. रामभाऊ बोलले, लोक हसले, विषय संपला. उद्या कुणाच्या लक्षात पण राहणार नाही."

"माझ्या राहील." निशिगंधानं पाउच उचलला. "आणि हे दुकानात जाणार आहे. सगळेच खिशात डबी घेऊन फिरत नाहीत, सर. नागपूरला गेला, पुण्याला गेला. तिथे नवव्या महिन्यात कुणी नुसते खाल्ले तर?"

समीरनं पाउच तिच्या हातातून घेऊन खणात टाकला. "ह्यांना मी फोन करतो. छपाई थांबेल. हे सोपं आहे. मुलीचं काय?"

"मुदतवाढ मागू."

"तिसरी? नियमातच नाही. फक्त कुलगुरू विशेष परवानगी देऊ शकतात, आणि ते कारण विचारतील. कारण काय लिहिणार? जीरावन?"

या वेळी दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

निघताना समीरनं दारापाशी थांबवलं. "एक विचारू? अर्ज केला आणि नाही मिळाली मुदत, तर तुम्ही एका मुलीची पीएचडी घालवली असं होईल. अर्ज नाही केला तर काहीच होणार नाही. विचार करून ठेवा."

निशिगंधानं तो विचार वाटेत, घरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या बसमध्येही केला. कुठल्याही बाजूनं गेलं तरी ती समीरच्या त्याच वाक्यापाशी येऊन थांबत होती.

गुरुवारी ती विभागात पोचली तेव्हा पॅनेलची खोली उघडी होती. आत पांढरे दिवे लावलेले होते, लाल नव्हे. रामभाऊ एका स्टुलावर अवघडून बसले होते आणि प्रियंका कपाटातून एक पाकीट काढत होती.

"दुसरी खेप," ती वळून म्हणाली. "नोव्हेंबरची. तुम्हीच करायला लावली होती, जर्नलवाल्यांनी परत करून दाखवा म्हटलं तर हाताशी असावी म्हणून. त्यांनी मागितलंच नाही. मी पण विसरले होते. घरी आईनं विचारलं, तुझं ते कपाट अजून चालूच का आहे, तेव्हा आठवलं."

निशिगंधा कपाटापाशी गेली. खालच्या दोन फळ्यांवर पाकिटं ओळीनं उभी होती, तारखेच्या चिठ्ठ्यांसकट. "नऊ महिने कधी भरतात?"

"चौदा ऑगस्टला."

म्हणजे मुदत संपल्यावर दोन आठवड्यांनी.  निशिगंधानं कपाटाचं दार लावून घेतलं, आतली गरमी जाऊ नये म्हणून.

प्रियंकानं केटलीतलं पाणी पाकिटात ओतलं, वर ताटली झाकली आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली. मग तीन वाट्या भरल्या. एक निशिगंधाला, एक रामभाऊंना, एक स्वतःला. पोहे पिवळेधमक दिसत होते. रामभाऊंचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

तिघांनी खाल्लं.

"सर, काय लागतंय?" प्रियंकानं विचारलं.

"आता मी काय बोललो तरी पंचाईत."

"बोला ना."

रामभाऊंनी आणखी एक घास घेतला, सावकाश चावला. "हे आठ महिन्यांचे आहेत. आठ महिन्यांचे ठीक होते पहिल्या खेपेत पण. नवव्याचं मी कसं सांगू?"

निशिगंधाला बडीशेपेच्या खाली काहीतरी लागलं. ते खरंच होतं की कालपासून डोक्यात बसल्यामुळे लागत होतं, हे तिला ठरवता येईना. तिनं वाटी खाली ठेवली.

"हा डेटा नाही," प्रियंका म्हणाली. "मला माहीत आहे. मला फक्त खाऊन बघायचं होतं. सात वर्षांत मी हे पोहे नीट बसून कधी खाल्लेच नाहीत." मग ती रामभाऊंकडे वळली. रात्रभराचा राग तिनं बहुतेक ह्याच वाक्यासाठी राखून ठेवला होता. "सर, तुम्ही त्या दिवशी आठऐवजी तीन दिले असते ना, तर मी आज डॉक्टर असते. 'आठ महिने टिकतात' असं लिहून केव्हाच मोकळी झाले असते."

"बेटा, तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. एक दिवस वाटलं असतं."

 रामभाऊंनी शर्टाच्या खिशातून डबीबरोबर एक घडी केलेला कागद काढला. त्या दिवशी काय झालं, ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं, खाली सही आणि जुनं पदनाम. "हे लाव अर्जाला. दुबेजींची पण सही आणतो. बाकीच्यांकडे पण जातो. फक्त त्या माळवीय मॅडम भोपाळला मुलीकडे गेल्यात, त्यांना फोन करावा लागेल."

"अर्ज मी करणार आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" प्रियंका म्हणाली.

ती निशिगंधाकडे वळली.

"मॅडम, तुम्ही सही करणारच नाही ना? तशी?"

"तशी नाही," निशिगंधा म्हणाली.

"मी दुसऱ्या गाइडकडे गेले तर?"

"जाऊ शकतेस. एका आठवड्यात गाइड बदलून मिळणार नाही, पण मी अडवणार नाही. मला विचारलं तर काय झालं ते सांगेन."

प्रियंकानं तिन्ही वाट्या उचलल्या, सिंकमध्ये नेल्या आणि स्वतः धुतल्या. धुताना एकेक वाटी उजेडात धरून आतून पाहिली. मग हात पुसून लॅपटॉप उघडला.

अर्ज तिनंच लिहिला. निशिगंधानं त्यात दोन ठिकाणी शब्द बदलले. 'अनवधानाने मसाला मिसळला गेला' असं आधी होतं. निशिगंधानं ते खोडून 'पॅनेलच्या सदस्यांनी जीरावन घालून नमुने चाखले व ही बाब तेव्हा मार्गदर्शक व संशोधक यांच्या लक्षात आली नाही' असं केलं. प्रियंकानं 'मार्गदर्शक' हा शब्द वाचून तिच्याकडे पाहिलं, पण काढला नाही. मागणी एकच होती: दुसऱ्या खेपेची नवव्या महिन्याची चाचणी पूर्ण करून चौथं प्रकरण नव्यानं लिहिण्यासाठी दोन महिन्यांची मुदत. त्याच दुपारी निशिगंधानं जर्नलच्या संपादकांनाही पत्र पाठवलं. त्यात जीरावन म्हणजे काय ते समजावायला एक परिच्छेद लागला.

समीरनं अर्ज वाचला, पेन फिरवलं. "शिफारस करतो असं लिहीत नाही. अग्रेषित करतो, एवढंच लिहितो," म्हणाला. नंतर खाडाखोड करून 'शिफारशीसह अग्रेषित' असं केलं. "अरे यार, नियमात नाहीच आहे, तर लिहायला काय जातंय," असं वर स्वतःशीच पुटपुटला.

अर्ज शुक्रवारी संशोधन शाखेत गेला. सोमवारी परत आला: एका सदस्याचे निवेदन पुरेसे नाही, सर्वांचे जोडावे. तोवर रामभाऊंनी नऊजणांच्या सह्या गोळा केल्या होत्या. एकासाठी ते संध्याकाळी सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन बसले, कारण तो माणूस तिथेच भेटतो. दहाव्या माळवीय मॅडमनी भोपाळहून सही केलेल्या कागदाचा फोटो काढून पाठवला; खाली पेननं लिहिलं होतं, 'मैंने भी डाला था।' मंगळवारी अर्ज पुन्हा आत गेला. बुधवारी कुलसचिवांच्या कार्यालयानं सांगितलं की फाइल वर गेली आहे.

परदेशीपुऱ्याच्या कारखान्यानं पाउचवर सहा महिने छापायचं ठरवलं. समीरनं सांगितलं की मालक थोडा नाराज आहे. जर्नलकडून पत्राची पोच आली. निर्णय आलेला नाही.

प्रियंका रोज येते आणि रोज कपाटाचं तापमान पाहून जाते. जुना प्रबंध बांधणीवाल्याकडे तयार पडून आहे. त्यानं फोन करून विचारलं, घेऊन जायचा की नाही. ती म्हणाली, राहू दे थोडे दिवस. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राचं पान त्यात आहे, सही नाही.

गुरुवारी, तीस जुलैला, मुदत संपायच्या आदल्या दुपारी, निशिगंधानं कुलगुरूंच्या स्वीय सहायकाला फोन केला. त्यानं सांगितलं की फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, सगळ्यात वर ठेवली आहे. साहेब बैठकीसाठी भोपाळला गेले आहेत. शनिवारी परत येतील.